एक पडदा, दोन संगणक

(घरात किंवा शाळेत मॉनिटर एकच असतो आणि संगणक मात्र दोन असतात. अशा वेळी एकाच मॉनिटरवर दोघांचे काम कसे चालवता येते, त्यासाठी केबल कोणती लागते, आणि ‘पडदा बिघडला’ असे वाटते तेव्हा खरोखर काय झालेले असते, याची माहिती या पाठात सोप्या भाषेत दिली आहे.)

संगणक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम त्याचा पडदा येतो. पडद्यावर अक्षरे दिसतात, चित्रे हलतात, म्हणून पुष्कळांना वाटते की पडदा म्हणजेच संगणक. पण तसे नाही. बेरीज-वजाबाकी करणे, मजकूर साठवणे, चित्र तयार करणे ही सारी कामे संगणक करतो. मॉनिटर फक्त ते चित्र आपल्याला दाखवतो. ‘पडदा’ हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. फारसीतला ‘परदा’ उर्दूतही आहे आणि मराठीत त्याचाच ‘पडदा’ झाला.

वर्गातल्या फळ्याचे उदाहरण घ्या. फळा स्वतः काही शिकवत नाही. पहिल्या तासाला उर्दूचे शिक्षक त्यावर लिहितात, दुसऱ्या तासाला मराठीचे शिक्षक लिहितात. फळा एक, लिहिणारे दोन. दोघे एकाच वेळी एकाच जागी लिहू लागले तर कोणाचेच अक्षर वाचता येणार नाही. म्हणून वेळापत्रक असते. मॉनिटरचेही असेच आहे. त्याला दोन संगणक जोडता येतात. साधा मॉनिटर एका वेळी त्यांपैकी एकाचेच चित्र दाखवतो, आणि कोणाचे दाखवायचे ते आपण ठरवायचे असते.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. अब्बांच्या दुकानाचा हिशेब घरातल्या जुन्या संगणकावर आहे. त्याला २२ इंचांचा मॉनिटर जोडलेला आहे. थोरल्या आपाला कॉलेजच्या अभ्यासासाठी लॅपटॉप घेतला आहे. लॅपटॉपचा पडदा १४ इंचांचा. त्यावर लांबलचक तक्ता वाचताना आपाला मान खाली घालून, डोळे बारीक करून तासन्‌तास बसावे लागते. समोर मोठा मॉनिटर दिवसाचे बरेच तास नुसता उभा असतो. नवा मॉनिटर घ्यायचा तर काही हजार रुपये हवेत. ते वाचवता येतील का? बहुतेक वेळा येतात. शे-दोनशे रुपयांची एक केबल आणि थोडी समज, एवढ्यावर काम भागते.

प्रथम मॉनिटरच्या पाठीमागे पाहावे. तेथे केबल जोडण्याच्या जागा असतात. त्यांना ‘पोर्ट’ म्हणतात. पोर्टचा आकार पाहिला की त्याचे नाव ओळखता येते.

सर्वांत जुना आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी दिसणारा पोर्ट म्हणजे ‘व्हीजीए’. आयबीएम या कंपनीने १९८७ मध्ये आपल्या संगणकांबरोबर तो प्रथम आणला. त्याला पाच-पाचच्या तीन ओळींत १५ छिद्रे असतात. पुष्कळ मॉनिटरांवर तो निळ्या रंगाचा असतो. केबलच्या दोन्ही बाजूंना दोन लहान स्क्रू असतात. या केबलमधून लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांसाठी तीन वेगवेगळ्या तारा जातात. रंग जितका उजळ, तितका त्या तारेतला विजेचा दाब अधिक. हा दाब सतत कमी-जास्त होत असतो. केबल लांब असली किंवा हलक्या प्रतीची असली तर हा दाब वाटेत बिघडतो आणि चित्र अंधूक दिसते. शिवाय व्हीजीए केबलमधून आवाज जात नाही, फक्त चित्र जाते.

पुढे चित्र अंकांच्या रूपात पाठवण्याची पद्धत आली. १९९९ मध्ये ‘डीव्हीआय’ नावाचा पोर्ट आला. त्यानंतर २००२ च्या डिसेंबरात ‘एचडीएमआय’चे नियम प्रसिद्ध झाले. हा पोर्ट तुम्ही टीव्हीच्या मागे पाहिला असेल. तो चपटा असून त्याचे खालचे दोन कोपरे आत दबलेले असतात. त्यात १९ पिना असतात आणि एकाच केबलमधून चित्र व आवाज दोन्ही जातात. २००६ मध्ये ‘डिस्प्लेपोर्ट’ आला. तो एचडीएमआयसारखाच दिसतो, पण त्याचा एकच कोपरा कापलेला असतो. २०१४ मध्ये ‘यूएसबी-सी’ हा लहान, अंडाकृती पोर्ट आला. त्याची पिन उलटी घातली काय आणि सुलटी घातली काय, ती बसतेच. आजकाल पुष्कळ मोबाइल याच पोर्टमधून चार्ज होतात.

२०१० च्या डिसेंबरात इंटेल, एएमडी, डेल, लेनोव्हो, सॅमसंग आणि एलजी या कंपन्यांनी व्हीजीए हळूहळू बंद करण्याचे एकत्रितपणे जाहीर केले. म्हणूनच आज नव्या लॅपटॉपला व्हीजीए पोर्ट बहुधा नसतो, आणि जुन्या मॉनिटरला कधीकधी केवळ व्हीजीएच असतो. दोन पिढ्यांची भाषा वेगळी असावी, तसे हे झाले आहे. मग मध्ये एक दुभाषा लागतो. त्याची माहिती आपण पुढे घेऊ.

आपल्या उदाहरणातील मॉनिटरला व्हीजीए आणि एचडीएमआय असे दोन्ही पोर्ट आहेत. अब्बांचा संगणक व्हीजीएने जोडलेला आहे. आपाच्या लॅपटॉपला एचडीएमआय आहे. म्हणजे दोन पाहुण्यांसाठी दोन दरवाजे आधीच तयार आहेत. जुनी केबल काढण्याची गरजच नाही. फक्त एक एचडीएमआय केबल आणून तिचे एक टोक मॉनिटरला आणि दुसरे लॅपटॉपला लावायचे.

केबल लावताना घाई करू नये. पोर्टचा आकार आणि केबलच्या टोकाचा आकार आधी जुळवून पाहावा. टोक सरळ धरून हळूच दाबावे. जात नसेल तर जोर लावू नये, ते उलटे धरले आहे असे समजावे. व्हीजीएच्या बारीक पिना तर जोर लावताच वाकतात, आणि एक पिन वाकली तरी चित्रातला एखादा रंगच नाहीसा होतो. एचडीएमआय केबल यंत्रे चालू असतानाही लावता किंवा काढता येते. व्हीजीए केबल मात्र संगणक व मॉनिटर बंद करूनच लावावी, हे बरे. तिचे स्क्रू बोटांनी फिरवावेत. त्यासाठी पेचकस किंवा पक्कड वापरू नये. केबल काढताना तार ओढू नये, टोकाला धरून काढावी.

केबल लागताच एक गंमत होते. ती आपल्याला दिसत नाही. लॅपटॉप आणि मॉनिटर एकमेकांशी बोलतात! मॉनिटरच्या आत त्याचे एक ओळखपत्र साठवलेले असते. कंपनी कोणती, पडद्याचा आकार केवढा, किती ठिपक्यांचे चित्र तो दाखवू शकतो, ही माहिती त्यात असते. १९९४ मध्ये ठरलेल्या या ओळखपत्राला ‘ईडीआयडी’ म्हणतात. त्याचा मूळ भाग केवळ १२८ बाइटांचा असतो. लॅपटॉप ते वाचतो आणि त्या मापाचे चित्र तयार करून पाठवतो. शिंप्याने माप घेऊन कपडा शिवावा, तसेच हे आहे.

आता मॉनिटरला सांगायचे, की अब्बांच्या संगणकाऐवजी लॅपटॉपचे चित्र दाखव. त्यासाठी मॉनिटरच्या खालच्या किंवा मागच्या बाजूला बटणे असतात. त्यांपैकी एकावर ‘इनपुट’ किंवा ‘सोर्स’ असे लिहिलेले असते, किंवा चौकटीत शिरणाऱ्या बाणाचे चिन्ह असते. ते दाबले की पडद्यावर यादी दिसते. त्या यादीतून एचडीएमआय निवडले की आपाचे काम दिसू लागते. पुन्हा व्हीजीए निवडले की अब्बांचा हिशेब समोर येतो.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. पडद्यावरून चित्र गेले म्हणजे काम गेले, असे मुळीच नाही. मॉनिटर लॅपटॉपचे चित्र दाखवत असताना अब्बांचा संगणक चालूच असतो. त्यातला हिशेब जागच्या जागी असतो. शिक्षकांनी फळ्यावरून नजर हटवली म्हणून त्यांच्या वहीतले टाचण पुसले जात नाही. त्यामुळे पडदा काळा झाला की घाबरून संगणकाचे मुख्य बटण दाबून तो बंद करणे, ही फार मोठी चूक होय. न साठवलेला हिशेब खरोखर जातो तो अशा वेळी.

लॅपटॉपला स्वतःचा पडदा असतोच. त्याला दुसरा पडदा मिळाला, की दोहोंवर काय दाखवायचे हे ठरवावे लागते. विंडोज असलेल्या लॅपटॉपवर ‘विंडोज’ची कळ धरून ‘पी’ हे अक्षर दाबले, की चार पर्याय दिसतात.

पहिला पर्याय ‘पीसी स्क्रीन ओन्ली’. यात चित्र फक्त लॅपटॉपवर दिसते. दुसरा ‘डुप्लिकेट’, म्हणजे नक्कल. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसते. घरातल्या चारजणांना काही दाखवायचे असेल, तर हा पर्याय चांगला. तिसरा ‘एक्स्टेंड’, म्हणजे विस्तार. यात दोन्ही पडदे मिळून एक लांब पडदा तयार होतो. चौथा ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’. यात चित्र फक्त मोठ्या मॉनिटरवर दिसते आणि लॅपटॉपचा पडदा काळा राहतो.

यांपैकी अभ्यासाला सर्वांत उपयोगी पर्याय म्हणजे विस्तार. समजा, तुम्हाला मराठी उताऱ्याचा उर्दूत अनुवाद करायचा आहे. एका पडद्यावर मराठी उतारा उघडा ठेवता येतो आणि दुसऱ्यावर उर्दू मजकूर लिहिता येतो. सारखी खिडकी बदलावी लागत नाही. मात्र मोठा मॉनिटर लॅपटॉपच्या कोणत्या बाजूला आहे, हे लॅपटॉपला सांगावे लागते. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते, मराठी डावीकडून उजवीकडे. दोन्ही बरोबरच आहेत, पण वाचणाऱ्याला दिशा ठाऊक हवी. पडद्यांचेही तसेच. ‘सेटिंग्ज’मधील ‘डिस्प्ले’ या भागात १ आणि २ असे आकडे घातलेल्या दोन चौकटी दिसतात. मॉनिटर मेजावर डावीकडे असेल, तर त्याची चौकट माउसने ओढून डावीकडे न्यावी. नाहीतर माउस डावीकडे सरकवला असता बाण भिंतीला अडल्यासारखा थांबतो आणि आपण गोंधळतो.

मॉनिटर दोघांत मिळून वापरताना एक विशेष अडचण येते. ती एकच संगणक असणाऱ्यांना कधी येत नाही. आपाने लॅपटॉपवर विस्ताराचा पर्याय निवडला. थोड्या वेळाने अब्बा आले आणि त्यांनी बटण दाबून मॉनिटरवर आपला हिशेब घेतला. आपा पुन्हा लॅपटॉपवर काम करू लागली. तिने एक फाइल उघडली, पण ती कोठेच दिसेना! माउसचा बाणही कडेला जाऊन नाहीसा झाला. लॅपटॉप बिघडला की काय?

बिघडले काहीच नाही. मॉनिटर अब्बांचे चित्र दाखवत असला, तरी एचडीएमआय केबल अजून जोडलेलीच आहे. पुष्कळ मॉनिटर अशा वेळीही केबलमधून ‘मी हजर आहे’ असा इशारा देत राहतात. त्यामुळे लॅपटॉपला वाटते की आपला दुसरा पडदा समोरच आहे. तो फाइल त्या पडद्यावर उघडतो, पण त्या पडद्याकडे पाहणारे कोणी नाही. हजेरी लागली आहे, विद्यार्थी मात्र दुसऱ्या वर्गात बसला आहे, असा हा प्रकार.

यावर उपाय सोपा आहे. मॉनिटर दुसऱ्याला देण्यापूर्वी ‘विंडोज’ आणि ‘पी’ दाबून पहिला पर्याय निवडावा. मग सर्व खिडक्या लॅपटॉपच्या पडद्यावर परत येतात. एखादीच खिडकी आणायची असेल, तर ती निवडून ‘विंडोज’ व ‘शिफ्ट’ या कळा धराव्यात आणि डाव्या किंवा उजव्या बाणाची कळ दाबावी. खिडकी एका पडद्यावरून दुसऱ्यावर उडी मारते. आणि काहीच आठवले नाही, तर लॅपटॉपमधून केबल काढावी. दुसरा पडदा नाही हे कळताच लॅपटॉप सारे काही स्वतःकडे ओढून घेतो.

आतापर्यंत आपण सोपे उदाहरण पाहिले. पण मॉनिटरला एकच एचडीएमआय पोर्ट असेल आणि दोन्ही संगणक एचडीएमआयचेच असतील, तर काय करावे? पुन्हा पुन्हा केबल काढणे-घालणे बरे नव्हे. त्याने पोर्ट सैल होतो. त्यासाठी ‘एचडीएमआय स्विच’ नावाची लहानशी डबी मिळते. दोन्ही संगणकांच्या केबली या डबीत येतात आणि डबीतून एक केबल मॉनिटरकडे जाते. डबीवरचे बटण दाबले की चित्र बदलते. रेल्वेचे दोन रूळ एका फलाटाकडे वळवणाऱ्या सांध्यासारखे तिचे काम असते.

ही डबी विकत घेताना सावध राहावे. बाजारात अगदी तशीच दिसणारी दुसरी डबी मिळते. तिला ‘स्प्लिटर’ म्हणतात. तिचे काम बरोबर उलटे आहे. ती एका संगणकाचे चित्र दोन मॉनिटरांना वाटते. आपल्याला दोन संगणक आणि एक मॉनिटर जोडायचा आहे, म्हणून स्विच हवा, स्प्लिटर नको. दुकानदाराला केवळ ‘दोनवाली डबी द्या’ असे म्हटले, तर चुकीची वस्तू हाती येऊन पैसे वाया जाण्याचा संभव असतो. ‘दोन आत, एक बाहेर’ असे स्पष्ट सांगावे.

कीबोर्ड आणि माउसही दोन संगणकांत मिळून वापरायचे असतील, तर ‘केव्हीएम’ स्विच मिळतो. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माउस या तीन शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरून हे नाव पडले आहे. तो थोडा महाग असतो. कार्यालयांत, तसेच जेथे अनेक संगणक एका जागेवरून चालवायचे असतात तेथे, तो फार उपयोगी पडतो.

मॉनिटरला फक्त व्हीजीए आणि लॅपटॉपला फक्त एचडीएमआय असेल, तर मघाशी सांगितलेला दुभाषा लागतो. त्याला ‘कन्व्हर्टर’ म्हणतात. तो अंकांच्या रूपातील चित्राचे विजेच्या दाबात रूपांतर करतो. पण हा दुभाषा एकाच दिशेने भाषांतर करतो! ‘एचडीएमआय ते व्हीजीए’ कन्व्हर्टर वेगळा आणि ‘व्हीजीए ते एचडीएमआय’ कन्व्हर्टर वेगळा. चित्र कोठून निघते आणि कोठे पोहोचते, हे आधी कागदावर लिहून मगच दुकानात जावे. आपल्या बाबतीत चित्र लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून निघते आणि मॉनिटरच्या व्हीजीएकडे जाते.

यूएसबी-सी पोर्टच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडतेच असे नाही. काही पोर्ट फक्त चार्ज करण्यासाठी आणि फाइली पाठवण्यासाठी असतात. पोर्टजवळ डिस्प्लेपोर्टचे किंवा वीज कोसळल्यासारख्या बाणाचे ‘थंडरबोल्ट’चे चिन्ह असेल, तर चित्र जाऊ शकते. चिन्ह नसेल तर लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत पाहावे आणि मगच केबल घ्यावी.

आता ‘नो सिग्नल’ या दोन शब्दांचा विचार करू. मॉनिटरवर हे शब्द आले की पुष्कळ लोक कारागिराला बोलावतात. खरे पाहता हे शब्द दिसतात, याचाच अर्थ मॉनिटर जिवंत आहे! तो सांगत असतो, ‘ज्या दरवाजाकडे मला पाहायला सांगितले आहे, तेथून काही येत नाही.’ अशा वेळी क्रमाने चार गोष्टी तपासाव्यात. मॉनिटरवर योग्य इनपुट निवडले आहे का? केबलची दोन्ही टोके घट्ट बसली आहेत का? संगणक चालू आहे का, की झोपी गेला आहे? कळ दाबून किंवा माउस हलवून तो जागा होतो का ते पाहावे. आणि शेवटी, लॅपटॉपवर ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ तर निवडलेले नाही ना? या चारांपैकी एकात बहुधा उत्तर सापडते आणि कारागिराचे पैसे वाचतात. तरीही चित्र आले नाही, तर दुसरी केबल लावून पाहावी.

काही मॉनिटर स्वतःच इनपुट शोधतात. एक संगणक झोपी गेला की ते आपोआप दुसऱ्याचे चित्र दाखवू लागतात. ही सोय कधी बरी वाटते, कधी त्रासदायक. नको असेल तर मॉनिटरच्या यादीतून ‘ऑटो’ हा पर्याय बंद करता येतो.

चित्र दिसते पण अक्षरे अंधूक दिसतात, अशीही तक्रार असते. याचे कारण ठिपक्यांच्या हिशेबात आहे. पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. पुष्कळ मॉनिटरांत आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार करा : २०,७३,६०० ठिपके! हे चित्र दर सेकंदाला साधारण ६० वेळा नव्याने पाठवले जाते. काही जुन्या लॅपटॉपच्या पडद्यावर मात्र १३६६ गुणिले ७६८, म्हणजे १०,४९,०८८ ठिपके असतात. जवळजवळ निम्मे. नक्कल करण्याचा पर्याय निवडला, की दोन्हींवर एकच चित्र जायचे असल्यामुळे लॅपटॉप बहुधा लहान माप निवडतो. लहान माणसाचे माप घेऊन शिवलेला सदरा मोठ्याला ताणून घालावा, तसे ते चित्र मोठ्या मॉनिटरवर ताणले जाते. मग अक्षरांच्या कडा पुसट होतात. अशा वेळी विस्ताराचा किंवा फक्त दुसऱ्या पडद्याचा पर्याय निवडावा, आणि ‘डिस्प्ले’मध्ये ज्या मापापुढे ‘रेकमेंडेड’ असे लिहिलेले असते तेच ठेवावे.

एचडीएमआय लावल्यावर लॅपटॉपचा आवाज बंद झाला, तरी काळजी करू नये. आवाजही केबलमधून मॉनिटरकडे गेलेला असतो, आणि मॉनिटरला स्पीकर नसेल तर तो ऐकू येत नाही. आवाजाच्या चिन्हावर जाऊन पुन्हा लॅपटॉपचा स्पीकर निवडला की झाले. लॅपटॉपचे झाकण बंद केले की तो झोपी जातो, तेव्हा मॉनिटरही काळा होतो. झाकण उघडे ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय. त्यामुळे लॅपटॉपला हवाही चांगली मिळते.

यंत्राचे नियम आपण पाहिले. पण वस्तू दोघांत वापरायची म्हटली, की माणसांचेही काही नियम आले. मॉनिटर मागताना समोरच्याचे काम अर्धवट तर नाही ना, हे विचारावे. त्याला आपला मजकूर साठवू द्यावा आणि मगच बटण दाबावे. मोठा पडदा सर्वांना दिसतो, हेही विसरू नये. नक्कल चालू असताना कोणाचे खाजगी पत्र आले, बँकेचा निरोप आला किंवा परवलीचा शब्द लिहावा लागला, तर तोही सर्वांपुढे येतो. म्हणून वर्गात किंवा पाहुण्यांसमोर काही दाखवण्यापूर्वी निरोपांच्या सूचना बंद कराव्यात. दुसऱ्याचे काही चुकून दिसलेच, तर नजर वळवावी. पत्र दुसऱ्याच्या नावाचे असेल तर आपण ते वाचत नाही; पडद्यावरच्या पत्रालाही तोच नियम लागू आहे.

जुना मॉनिटर असा पुन्हा कामाला आला, तर आणखी एक फायदा होतो. जुन्या, पाठीमागे फुगलेल्या मॉनिटरांच्या काचेत शिसे असते आणि सुरुवातीच्या पुष्कळ चपट्या मॉनिटरांच्या दिव्यांत पारा असतो. असे मॉनिटर कचऱ्यात फेकले, तर हे विषारी पदार्थ माती-पाण्यात मिसळतात. म्हणून आपल्या देशात ई-कचऱ्यासाठी वेगळे नियम आहेत. २०२२ मध्ये केलेले नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. मॉनिटर खरोखरच निकामी झाला, तर तो भंगारात फोडू न देता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा. पण जोवर तो चालतो, तोवर त्याचा उपयोग करून घेणे हेच उत्तम.

अब्बांचा हिशेब रात्री नऊनंतर, आपाचा अभ्यास त्याआधी, असे एकदा ठरले की एका मॉनिटरवर दोन्ही कामे सुखाने होतात. तुमच्या शाळेच्या संगणक कक्षातही एखादा मॉनिटर रिकामा उभा असेल. त्याच्या पाठीमागे कोणते पोर्ट आहेत, ते शिक्षकांच्या परवानगीने एकदा पाहा.

शब्दार्थ

दुभाषा – दोन भाषा जाणून एकाचे बोलणे दुसऱ्याला समजावणारा. पेचकस – स्क्रू फिरवण्याचे हत्यार. कारागीर – येथे अर्थ, यंत्र दुरुस्त करणारा. टाचण – शिकवण्यासाठी लिहून ठेवलेले मुद्दे. परवलीचा शब्द – प्रवेशासाठी वापरायचा गुप्त शब्द. निकामी – उपयोगात न येणारा. अंधूक – स्पष्ट न दिसणारे. सांधा – जोड. येथे अर्थ, रूळ बदलण्याची जागा.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) मॉनिटरला लेखकाने कशाची उपमा दिली आहे?
(२) व्हीजीए पोर्ट कोणत्या वर्षी आला?
(३) मॉनिटरच्या ओळखपत्राला काय म्हणतात?
(४) केव्हीएम स्विचमुळे कोणत्या तीन गोष्टी मिळून वापरता येतात?

प्र. २. कारणे लिहा.
(१) नक्कल करताना मोठ्या मॉनिटरवर अक्षरे अंधूक दिसतात.
(२) ‘नो सिग्नल’ असे दिसले तरी मॉनिटर बिघडलेला नसतो.
(३) आपाने उघडलेली फाइल तिला दिसेना.

प्र. ३. फरक सांगा : स्विच आणि स्प्लिटर.

प्र. ४. पडदा, नक्कल, इशारा, हजर, फायदा, हिशेब हे शब्द मराठीप्रमाणे उर्दूतही आढळतात. या पाठातून असे आणखी चार शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

प्र. ५. उपक्रम : घरात किंवा शाळेत दोघांनी मिळून वापरायच्या एखाद्या वस्तूसाठी पाच नियम मराठीत लिहून वर्गात वाचून दाखवा.